फिजिक्स करून काय मिळतं? एका जुन्या हिशोबाची गोष्ट

(लेख मोठा आहे. घरात बारावीचं मूल असेल तर वेळ काढून वाचा.)

बारावीचा निकाल लागला की ओळखीतल्या दोन-तीन घरांत दरवर्षी एकच वाद सुरू होतो. मुलीला किंवा मुलाला फिजिक्स आवडतंय, बीएस्सी करायचंय, आणि घरच्यांचा प्रश्न ठरलेला: "करून मिळतं काय?" अनेकजण मला विचारतात, कारण मी स्वतः फिजिक्समध्ये एमएस्सी केलंय, दोन वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलंय आणि त्यानंतर आजतागायत बँकेत नोकरी करतोय. म्हणजे दोन्ही बाजूंचा साक्षीदार.

असा प्रश्न विचारणाऱ्या आईबापांची टिंगल करायची आपल्याकडे एक पद्धत आहे. "ज्ञानासाठी शिकावं हो, पैशाचं काय घेऊन बसलात!" असं म्हणणाऱ्यांच्या घरात बहुतेक वेळा महिन्याला दोन पगार येत असतात. ज्या घरात एकच कमाई आहे, तीही पावसावर किंवा मालकाच्या मर्जीवर, तिथे हा प्रश्न पूर्ण रास्त आहे. आणि तो आजचा नाही. या देशात फिजिक्स शिकवायला लागले तेव्हापासून तो विचारला जातोय, आणि भल्याभल्यांच्या घरात विचारला गेलाय.

म्हणून थोडं मागे जाऊ.

१९०७ साल. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून फिजिक्समध्ये एमए झालेला एक अत्यंत हुशार मुलगा. वडील कॉलेजात गणित आणि फिजिक्स शिकवणारे, म्हणजे घरात विषयाची कदर होती. तरी या मुलाने केलं काय? सरकारच्या वित्त खात्याची स्पर्धा परीक्षा दिली, पहिला आला आणि कलकत्त्याला असिस्टंट अकाउंटंट जनरल म्हणून रुजू झाला. वय पुरतं एकोणीसही नव्हतं. या मुलाचं नाव चंद्रशेखर वेंकट रामन.

रामन यांनी फिजिक्स सोडून हिशोबाची नोकरी का धरली? कारण सरळ होतं. संशोधन करून पोट भरता येईल अशी जागा भारतीय माणसासाठी तेव्हा जवळपास नव्हतीच. पुढची दहा वर्षं त्यांनी दिवसा सरकारचे हिशोब तपासले आणि सकाळ-संध्याकाळ बहूबाजारातल्या 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' या संस्थेच्या प्रयोगशाळेत काम केलं. ही संस्था डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये लोकवर्गणीतून उभी केली होती. मधल्या काळात बदली रंगूनला झाली, मग आपल्या नागपूरला. तिथे प्रयोगशाळा नव्हती, तर त्यांनी घरीच प्रयोग मांडले.

१९१७ मध्ये आशुतोष मुखर्जींनी त्यांना कलकत्ता विद्यापीठात पालित अध्यासनावर बोलावलं. हे अध्यासन तारकनाथ पालित या वकिलाच्या देणगीतून उभं राहिलेलं. रामन गेले, पण सरकारी पगाराच्या जवळपास निम्म्यावर. १९३० चं नोबेल पुढची गोष्ट. आपल्या हिशोबाच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की एवढ्या बुद्धीच्या माणसालाही आधी दहा वर्षं पोटाची सोय करावी लागली. आणि बाहेर पडता आलं ते कुणा एका वकिलाने आपला पैसा विद्यापीठाला दिला होता म्हणून.

रामन यांच्या आधीचं उदाहरण जगदीशचंद्र बोस यांचं. केंब्रिज आणि लंडनहून शिकून आलेले बोस १८८५ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागले. भारतीय प्राध्यापकाला युरोपियन प्राध्यापकाच्या दोन तृतीयांश पगार, आणि नेमणूक हंगामी म्हणून त्याच्याही निम्मा. म्हणजे एक तृतीयांश. बोस यांनी तीन वर्षं पगारच घेतला नाही, शिकवत मात्र राहिले. शेवटी सरकार नमलं आणि मागच्या बाकीसकट पूर्ण पगार दिला. हंगामी नेमणूक, एकाच कामाला दोन वेगळे पगार. हे वाचताना आजच्या काही स्टाफरूम आठवल्या असतील तर ते साहजिक आहे. त्यावर पुढे येतो.

तिसरं नाव मेघनाद साहा. पूर्व बंगालच्या एका खेड्यातल्या छोट्या दुकानदाराचा मुलगा, शिष्यवृत्तीवर शिकलेला. त्यांनाही रामन यांच्यासारखीच वित्त खात्याची परीक्षा द्यायची होती. घरची परिस्थिती बघता दुसरं काही सुचणं शक्यही नव्हतं. पण राष्ट्रीय चळवळीतल्या लोकांशी संबंध असल्याच्या संशयावरून इंग्रज सरकारने परवानगीच नाकारली. मग सायकलवर शहरभर फिरून शिकवण्या करायच्या आणि उरलेल्या वेळात फिजिक्स. १९२० मध्ये याच माणसाने ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांचं तापमान आणि घटक समजून घ्यायचं समीकरण दिलं. सरकारी नोकरीचं दार उघडं असतं तर साहा कदाचित कुठल्यातरी प्रांताचे चांगले हिशोब तपासनीस झाले असते.

आता श्रीमंत किंवा सुस्थित घरांकडे बघू. तिथेही हा वाद होताच.

होमी भाभा १९२७ मध्ये केंब्रिजला गेले. घर मुंबईतलं बडं, आत्या दोराबजी टाटांची पत्नी. घरच्यांचा बेत असा की मुलाने मेकॅनिकल इंजिनिअरिंग करावं आणि परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात लागावं. होमींनी वडिलांना पत्र लिहून कळवलं की आपला जीव फिजिक्समध्ये आहे, धंदा-नोकरीतलं यश आपल्याला नको. वडिलांनी काय केलं? रागावले नाहीत आणि लगेच हो पण म्हटलं नाही. अट घातली: आधी इंजिनिअरिंगमध्ये पहिला वर्ग मिळव, मग पुढच्या शिक्षणाचा खर्च मी करतो. १९३० मध्ये होमींनी पहिला वर्ग मिळवला, वडिलांनी शब्द पाळला. आजच्या भाषेत सांगायचं तर हातात 'बॅकअप' ठेवून फिजिक्स.

त्याच सुमाराला मद्रासमध्ये रामन यांच्या भावाच्या घरात हाच खटला चालू होता. हे भाऊही हिशोब खात्यातच अधिकारी. त्यांची इच्छा मुलाने आयसीएस व्हावं. मुलाला फिजिक्स हवं होतं आणि आई मुलाच्या बाजूने उभी राहिली. १९३० मध्ये मुलगा सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेला. हे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. ज्या घरात काकाने त्याच वर्षी नोबेल मिळवलं, त्या घरातही वडिलांचं मत 'आधी नोकरी' हेच होतं. तेव्हा आपल्या गल्लीतल्या काकांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

मुलींच्या हिशोबात तर एक रकाना जास्तीचा होता: परवानगी. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठातून रसायन आणि भौतिक हे विषय घेऊन बीएस्सी, तीही अव्वल. बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सने प्रवेश नाकारला. संचालक होते खुद्द रामन, आणि नाकारण्याचं कारण एकच, की अर्ज मुलीचा आहे. कमलाबाई बंगलोरला गेल्या, हटून बसल्या. शेवटी प्रवेश मिळाला, पण एक वर्ष कच्च्या नोंदीवर आणि अटी घालून. वर्षभराचं काम बघून रामन यांना त्यांची नोंद पक्की करावी लागली. पुढे त्यांनी केंब्रिजहून पीएचडी केली, विज्ञानात पीएचडी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. स्वतः दहा वर्षं बंद दारापुढे काढलेल्या माणसाने दुसऱ्यासाठी दार बंद केलं, ही नोंदही इतिहासात असू द्यावी.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. आपल्याकडे या हिशोबाची दोन उत्तरं तयार झाली. एक पुण्यात, एक साताऱ्यात.

पुण्याचं उत्तर होतं त्याग. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य महिना पंचाहत्तर रुपयांच्या आसपास पगार घेऊन वीस वर्षं शिकवण्याची शपथ घेत. गोखल्यांनी ती पाळली. १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सगळ्या साम्राज्यात पहिले आलेले रँग्लर परांजपेही परत येऊन फर्ग्युसनमध्येच शिकवायला लागले. त्यांना दुसरीकडे किती मिळालं असतं याची कल्पना करा. या माणसांच्या कमी पगारावर महाराष्ट्रातलं उच्च शिक्षण उभं राहिलं, हे निर्विवाद. पण त्यात एक गोष्ट लपली. शिक्षणाचा खरा खर्च शिक्षकाच्या घरातून भरला जात होता आणि वहीत तो कुठेच दिसत नव्हता. ज्याच्या घरी थोडंफार पाठबळ आहे त्यालाच असा त्याग परवडतो, हेही त्यात आलं.

साताऱ्याचं उत्तर वेगळं होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. त्यांच्यापुढे आलेली मुलं अशा घरांतली होती की मूल शाळेत गेलं म्हणजे शेतावरचे दोन हात कमी झाले. भाऊरावांनी ओळखलं की नुसती फी माफ करून हे मूल टिकणार नाही. त्याला जेवण पाहिजे, राहायला जागा पाहिजे आणि हातात चार पैसे पाहिजेत. म्हणून वसतिगृह, म्हणून 'कमवा आणि शिका'. १९४७ मध्ये साताऱ्यात निघालेलं छत्रपती शिवाजी कॉलेज याच विचारावर चाललं.

माझ्या मते शिक्षणाच्या अर्थकारणातली ही सर्वांत महत्त्वाची मराठी सूझ आहे. शिक्षण महाग पडतं ते फक्त फीमुळे नाही. शिकण्याच्या वर्षांत जी कमाई बुडते आणि शिकून झाल्यावर जी वाट बघावी लागते, तिथे गरीब घर मोडतं. फिजिक्ससारख्या विषयात ही वाट फार लांबलचक असते.

ही वाट सरकारने कमी केली तो काळ म्हणजे स्वातंत्र्यानंतरची वीस-पंचवीस वर्षं.

भाभांनी मार्च १९४४ मध्ये टाटा ट्रस्टला जे पत्र लिहिलं त्यात मुद्दा असा होता की वीसेक वर्षांनी अणुऊर्जा वापरात येईल तेव्हा तज्ज्ञ बाहेरून आणायची वेळ येऊ नये, ते इथेच तयार असावेत. १९४५ मध्ये टीआयएफआर सुरू झाली. पण सामान्य बीएस्सी-एमएस्सीवाल्याच्या दृष्टीने खरी क्रांती १९५७ ची. त्या वर्षी तुर्भ्याच्या अणुऊर्जा केंद्राचं ट्रेनिंग स्कूल सुरू झालं. देशभरातून विज्ञानाचे आणि इंजिनिअरिंगचे पदवीधर निवडायचे, वर्षभर शिकवायचं, त्या वर्षाचं विद्यावेतन द्यायचं आणि पास झाला की खात्यात नोकरी. अनिल काकोडकर इंजिनिअरिंगच्या बाजूने याच स्कूलमधून पुढे आले.

यात नेमकं काय घडलं ते बघा. तोवर फिजिक्सची पदवी होती, पण तिला गिऱ्हाईक नव्हतं. भाभांनी गिऱ्हाईक तयार केलं, आणि पदवी ते नोकरी या मधल्या वर्षाचा खर्चही गिऱ्हाइकाने उचलला. कोल्हापूर-अमरावतीच्या मुलाला मग आत्या टाटांकडे असायची गरज उरली नाही.

त्याच काळात बाकीचे टेकूही लागले. महाराष्ट्रात कमी उत्पन्नाच्या घरांना ईबीसी सवलत आली. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ, १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ निघालं. तालुक्याच्या गावी कॉलेजं निघाली, त्यांना फिजिक्सचे प्राध्यापक आणि डेमॉन्स्ट्रेटर लागले. हवामान खात्याचं मोठं कार्यालय १९२८ पासूनच पुण्यात होतं, तिथे फिजिक्सवाले लागत. १९६३ मध्ये एनसीईआरटीने शालेय मुलांसाठी विज्ञान प्रज्ञाशोध परीक्षा सुरू केली. त्या शिष्यवृत्तीची अट अशी होती की मुलाने मूलभूत विज्ञानच शिकायचं, आणि मग ती पीएचडीपर्यंत साथ द्यायची. १९६९ मध्ये चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, शाखा वाढल्या आणि बीएस्सीवाल्यांना आणखी एक मोठं दार उघडलं. विषयाशी संबंध नसलेलं दार खरं, पण घर चालवणारं.

हे केवळ आपल्याकडेच झालं असं नाही. १९५७ मध्येच रशियाने स्पुटनिक सोडला, अमेरिका हादरली आणि पुढच्याच वर्षी कायदा करून विज्ञान शिकणाऱ्यांसाठी कर्जं आणि फेलोशिपचा पैसा ओतला. आणि १९९३ मध्ये तिथल्याच संसदेने टेक्सासमधला महाकाय कण-त्वरकाचा प्रकल्प वीस किलोमीटरच्या वर बोगदा खणून झाल्यावर रद्द केला, तेव्हा कितीतरी फिजिक्सवाल्यांनी वॉल स्ट्रीटची वाट धरली. पदवी तीच, डोकं तेच. पलीकडे गिऱ्हाईक कोण उभं आहे यावर तिची किंमत ठरते.

आता आपल्या उताराकडे.

१९८३ साली दोन गोष्टी झाल्या. चंद्रशेखर यांना फिजिक्सचं नोबेल मिळालं. आणि महाराष्ट्रात वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. दुसऱ्या गोष्टीचा परिणाम आपल्या घराघरांवर पहिलीपेक्षा कितीतरी जास्त झाला. वसंतदादांचा तर्क चुकीचा म्हणता येणार नाही. आपली मुलं देणग्या भरून शेजारच्या कर्नाटकात जात होती, तो पैसा आणि ती मुलं इथेच राहावीत. हजारो घरांना त्याने वर काढलं.

पण बारावीच्या फिजिक्सचा अर्थ बदलला. तोवर तो एक विषय होता, आता तो प्रवेशाचा जिना झाला. इंजिनिअरिंगला नंबर लागला नाही म्हणून बीएस्सी, हे वाक्य तेव्हापासून रूढ झालं. त्याआधीच, १९७६ च्या सुमाराला, प्रज्ञाशोध शिष्यवृत्तीची मूलभूत विज्ञानाची अट जाऊन इंजिनिअरिंग-मेडिकललाही ती खुली झाली होती. एकेक टेकू असा सरकत गेला. नव्वदीत आयटी आलं आणि फिजिक्सवाल्यांनाही सामावून घेऊ लागलं. माझ्या एमएस्सीच्या वर्गातले निम्मे तिकडेच गेले आणि सुखात आहेत. म्हणजे फिजिक्सच्या डोक्याला किंमत होती, फिजिक्सच्या कामाला नव्हती.

आता आजचा हिशोब कागदावर मांडू. आकडे मी गृहीत धरतोय, तुम्ही तुमचे घाला.

अनुदानित कॉलेजात बीएस्सीची फी खाजगी इंजिनिअरिंगच्या मानाने किरकोळ असते. तेव्हा पहिली तीन वर्षं घर कसंबसं निभावतं. खड्डा त्यानंतर आहे. समजा बीएस्सीनंतर मुलाला महिना १८,००० ची नोकरी मिळाली असती. ती सोडून दोन वर्षं एमएस्सी केलं तर ४,३२,००० रुपयांची कमाई बुडाली. पुण्यात राहण्या-जेवण्याचे महिना १०,००० धरले तर दोन वर्षांचे २,४०,०००. मग नेट-गेटच्या तयारीचं एक वर्ष, त्यात याच हिशोबाने आणखी ३,३६,०००. बेरीज १०,०८,०००. दहा लाख! यात फीचा एक रुपयाही नाही.

मी बँकेत आहे म्हणून सांगतो. इंजिनिअरिंगच्या फीसाठी शैक्षणिक कर्जाचा अर्ज घेऊन लोक येतात, कागद पुरे असले तर ते मिळतंही. पण बुडालेल्या पगारासाठी कर्ज द्यायची योजना कुठल्याच बँकेत नाही. वाट बघण्याचा खर्च घरानेच सोसायचा.

हा पहिला खड्डा जो पार करतो त्याचं पुढे बरं चालतं. जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० आणि दोन वर्षांनंतर ४२,०००. पाच वर्षांची बेरीज बरोबर २४ लाख, घरभाडं वेगळं. संशोधनाची वर्षं म्हणजे तोटा, हा समज तेव्हा चुकीचा आहे. फक्त ती रक्कम वेळेवर यायला हवी. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या फेलोशिपसाठी संशोधक विद्यार्थ्यांना आंदोलनाला बसावं लागलेलं आपण बघितलंय. कागदावरची फेलोशिप मेसचं बिल भरत नाही.

आणि मग दुसरा खड्डा, पीएचडीनंतरचा. सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन सातव्या आयोगानुसार ५७,७०० रुपये, भत्ते वेगळे. पदवीची ही कमाई उत्तमच म्हणायची. पण कायम जागांची भरती वर्षानुवर्षं रखडते आणि तीच तासिका, तोच वर्ग, तोच अभ्यासक्रम सीएचबीवर शिकवला जातो. तासाला ठरलेले पैसे, सुट्टीत शून्य, आणि बिल निघेल तेव्हा निघेल. मी शिकवत होतो तेव्हा सप्टेंबरचे पैसे मार्चमध्ये हातात आले. माझ्या शेजारच्या टेबलावरचे सर पीएचडी होते, दोन मुलांचे वडील होते आणि संध्याकाळी अकरावीच्या शिकवण्या घ्यायचे. कायम जागेसाठी काही ठिकाणी 'बाकीचं' काय लागतं याची चर्चा प्रत्येक स्टाफरूममध्ये चालते, ती इथे नव्याने सांगायला नको.

१८८५ मध्ये इंग्रज सरकारने बोस यांना हंगामी म्हणून एक तृतीयांश पगार देऊ केला, त्याला आपण वंशभेद म्हणतो आणि बरोबरच म्हणतो. आज आपलंच सरकार, आपल्याच संस्था हे करतात त्याला काय म्हणायचं? फर्ग्युसनच्या पंचाहत्तर रुपयांना निदान शपथेचं मोल होतं, तो त्याग स्वतःहून केलेला होता. सीएचबीवरचा त्याग करायला लावलेला आहे.

मग काय, फिजिक्स करूच नये? असं मी म्हणत नाही. दारं आजही आहेत. तुर्भ्याचं ट्रेनिंग स्कूल अजून चालू आहे. २००६ मध्ये पुण्यात आयसर आलं, आयुका तर १९८८ पासून आहे. बारावीत बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात असाल आणि मूलभूत विज्ञान घेतलं तर 'इन्स्पायर'ची वर्षाला ८०,००० रुपयांची शिष्यवृत्ती आहे. कितीतरी घरांना ती माहीतही नसते. एमएस्सीनंतर रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा केला तर कॅन्सर रुग्णालयांत मेडिकल फिजिसिस्ट म्हणून काम मिळतं. किरणोपचाराचं यंत्र त्या माणसाशिवाय चालवताच येत नाही. हवामान खातं आहे, डेटाची कामं आहेत, शाळा आहेत. दुसऱ्या बाजूला केव्हीपीवाय शिष्यवृत्ती २०२२ मध्ये बंद झाली, प्रज्ञाशोध परीक्षाही थांबली. म्हणजे दारं आहेत, पण दारापर्यंतच्या पायऱ्या काढून घेतल्या जातायत.

म्हणून घरात बसून विचारायचे प्रश्न तीन. पहिला: बीएस्सीनंतरची तीन वर्षं घर कमाईशिवाय थांबू शकेल का? दुसरा: नसेल थांबू शकत, तर त्या तीन वर्षांत कुठली शिष्यवृत्ती, कुठलं विद्यावेतन मिळू शकतं, आणि त्याचा अर्ज कधी भरायचा? तिसरा: भाभांच्या वडिलांनी मागितला तसा हातातला दुसरा पर्याय कोणता? प्रोग्रॅमिंग असेल, बीएड असेल, बँकेची परीक्षा असेल. त्यात कमीपणा काही नाही. रामन यांनी दहा वर्षं तेच केलं. या तीन प्रश्नांची उत्तरं असतील तर खुशाल करा फिजिक्स. विषय माणसाला विचार करायला शिकवतो, आणि हे मी रोज कर्जाच्या फायली तपासताना अनुभवतो.

पण घराने काय करावं एवढ्यावर हा विषय सोडून देणं हा अन्याय होईल. सगळा इतिहास बघितला तर एकच गोष्ट दिसते. मधल्या वाटेचा खर्च कुणीतरी वाटून घेतला, मग तो पालित वकिलांनी असो, कर्मवीरांनी असो की अणुऊर्जा खात्याने, तेव्हाच साध्या घरातली मुलं फिजिक्समध्ये टिकली. आज तो खर्च पुन्हा घरावर टाकला गेलाय. त्याचा परिणाम उघड आहे: विज्ञान कोण करणार हे बुद्धीवर ठरण्याऐवजी बापाच्या पगारावर ठरायला लागलंय. पहिल्या पिढीत शिकणारी मुलगी एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला गळते, तेव्हा तिचं नाव कुठल्याच यादीत येत नाही. आणि आपण २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिनाला रामन यांच्या फोटोला हार घालतो.

मागण्या फार मोठ्या नाहीत. कमी उत्पन्नाच्या घरातून आलेल्या एमएस्सीच्या विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतच अर्धवेळ काम आणि त्याचे महिन्याला पैसे द्या. 'कमवा आणि शिका' आपलंच आहे, ते बागकाम आणि झेरॉक्सपुरतं कशाला ठेवायचं? फेलोशिप पगारासारखी ठरलेल्या तारखेला खात्यात जमा करा. आणि मंजूर जागा दरवर्षी भरा. बाकी फिजिक्स आवडायचं काम मुलं स्वतःहून करतात, त्यासाठी कुठल्या योजनेची गरज नाही.

तुमच्या आमदारांना पुढच्या वेळी भेटाल तेव्हा रस्त्याच्या खड्ड्यांबरोबर या दोन खड्ड्यांबद्दलही विचारा.